आवडीच्या दारचा रातांबा

सह्याद्रीच्या पायथ्याशी, घनदाट रानाच्या कुशीत रातवणे नावाचे लहानसे गाव होते. तेथील ओढ्याकाठच्या महादेवाच्या देवळात आवजीनाथ महाराज काही वर्षे मुक्कामाला होते. त्या मुक्कामातली ही हकीकत जुने भक्त आजही सांगतात.

गावच्या टोकाला खोतांच्या जमिनीवर आवडी नावाची विधवा झोपडी बांधून राहत असे. शेवंती ही तिची एकुलती एक मुलगी. एका पावसाळ्यात शेवंतीने रानातून रातांब्याची, म्हणजे कोकमाची, बी आणून दारात रुजवली. "आई, आपली आमसुलं आता आपल्याच झाडाची हं!" असे ती नाचत म्हणाली. पण पुढच्याच वैशाखात तापाचे निमित्त झाले आणि ती लेक गेली. दारात वीतभर रोप तेवढे राहिले.

आवडीने ते रोप लेकीसारखे वाढवले. उन्हाळ्यात त्यावर झावळ्यांची सावली करावी, ओढ्यावरून कळशीने पाणी आणून घालावे. वर्षे लोटली. झाड उंच झाले, गर्द पानांच्या फांद्या जमिनीकडे झुकल्या. फुलेही आली. पण फळ काही धरेना.

गावचे खोत दाजीबा यांना आपल्या बागायतीचा मोठा अभिमान. एकदा ते आवडीच्या दारावरून जाताना थांबले आणि हसून म्हणाले, "अगं, हे नर झाड! रातांब्यात निम्मी झाडं अशीच निघतात. ह्याला जन्मात फळ येणार नाही. तोडून चुलीत घाल. मला इथं सुपारीच्या पोफळी लावायच्या आहेत."

आवडी रडत देवळात गेली. महाराजांनी सारे ऐकून घेतले आणि म्हणाले, "बाई, तू पाणी घालत राहा."

हे कानावर येताच दाजीबा चारचौघांत म्हणाले, "वा! तुमचे महाराज आता नराला बाळंत करणार वाटतं! वैशाख सरला की कुऱ्हाड घालतोच."

त्या वर्षी चैत्रात गारपीट झाली. रातांब्यांची कोवळी फळे गावभर झडून मातीत गेली. आणि वैशाखात दाजीबांची नात, लहानगी इंदिरा, तापाने फणफणली. अंगाची नुसती आग. घरची आमसुले भिजवून पाणी दिले, तेही उलटून पडले. वैद्यांनी हात टेकले. "ओल्या रातांब्याचा रस मिळाला तर कदाचित पोटात ठरेल," एवढेच ते म्हणाले.

दाजीबांनी सारे रान धुंडाळायला माणसे पाठवली. सगळे रिकाम्या हाताने परतले. तेव्हा भर उन्हात, अनवाणी, ते देवळात येऊन कोसळले. "महाराज, पोर जाते हो माझी!"

महाराज उठले. "चला," म्हणाले, "आवडीच्या दारी जाऊ."

"पण महाराज, ते तर नर झाड..."

महाराज चालू लागले. आवडी बुंध्याशी पाणी घालत होती. महाराजांनी हाताने एक झुकलेली फांदी वर उचलली. काय आश्चर्य! पानांआड लालबुंद रातांब्यांचा घोस लटकत होता!

आवडीच्या हातची कळशी गळून पडली. तिने त्या फळांवरून हात फिरवला. दाजीबांनी पदर पसरावा तसे उपरणे पुढे केले. "आवडे, माझ्या इंदिरेसाठी दे गं!"

आवडी पाहतच राहिली. मग हळूच म्हणाली, "खोत, माझी शेवंती अशीच जळत होती. तुमच्या बागेतले चार रातांबे मागायला मी दारात आले होते. तुम्ही झोपाळ्यावर होतात. गड्याला म्हणालात, हिला बाहेर काढ."

दाजीबांना ते आठवतही नव्हते. त्यांची मान खाली गेली.

महाराज म्हणाले, "आवडी, फळं तुझी आहेत. दे म्हणून मी सांगणार नाही."

ती खूप रडली. मग डोळे पुसून तिने फळे ओटीत घेतली. "लेकरू जळतंय तिकडे," ती म्हणाली, "चला लवकर."

तिनेच रस काढला, गूळ घातला आणि इंदिरेला मांडीवर घेऊन थेंबथेंब पाजला. तो पोटात ठरला. दिवस कलता कलता पोरीच्या अंगाला घाम सुटला आणि तिने डोळे उघडले.

दाजीबांनी महाराजांचे पाय धरायला हात पुढे केले, तसे महाराज मागे सरले. "माझे पाय कशाला धरता? जिने दिलं, ती तिथं बसली आहे."

त्या गर्विष्ठ खोतांनी साऱ्या घरादेखत आवडीच्या पायांवर डोके ठेवले.

आवडीचे मात्र तिकडे लक्ष नव्हते. इंदिरेच्या केसांवरून हात फिरवत तिने विचारले, "महाराज, असा घोस माझ्या शेवंतीसाठी का नाही हो लागला?"

महाराजांचे डोळे भरून आले. "बाई, मीही देवाला रोज हेच विचारतो," ते म्हणाले. "त्यानं मला अजून सांगितलेलं नाही."

दाजीबांचे कपाळ तिच्या पायांवरच टेकलेले होते, आणि ते हुंदके देत होते.