पांगाऱ्याचा दांडा

डोंगराच्या उतारावर एक गाव होतं आणि त्या गावात ज्योतीनाना नावाचे एक कलमवाले राहत. आंब्याची कलमं बांधावीत ती नानांनीच, असं सगळा मुलूख म्हणायचा. त्यांची रोपवाटिका वर उतारावर आणि विहीर खाली ओढ्याकाठी. रोपांना पाणी द्यायला विहिरीवरच्या पंपाला लावायचा एक लांबलचक रबरी पाइप होता. तो गुंडाळायला लोखंडी चाक होतं आणि चाक फिरवायला लाकडाचा दांडा. संध्याकाळी तो दांडा कुरकुरायला लागला की बायका म्हणायच्या, नानांचं पाणी झालं, चुली पेटवा. किती साधे दिवस होते ते!

मात्र हा दांडा वर्षातून दोन-तीनदा तरी मोडायचा. मोडणार नाही तर काय? नाना तो पांगाऱ्याचा करत. पांगारा म्हणजे अगदी मऊ, हलकं लाकूड. दांडा मोडला की नाना कुंपणाचा पांगारा तोडून आणत, अंगणात बसून तासत आणि अर्ध्या तासात नवा बसवत. लोक चेष्टा करत. त्यांचा मुलगा सर्जेराव तर पोट धरून हसायचा. नानाही हसत आणि तासत राहत.

एका हिवाळ्यात नाना गेले. त्याआधीच्या पावसाळ्यात गावचा शेप्या आंबा वादळात उन्मळून पडला होता. त्याच्या फळाला शेपूचा वास यायचा, म्हणून तो शेप्या. नानांनी पडल्या झाडाच्या काड्या काढून तीनशे कलमं बांधली होती. त्या आंब्याचं जगात तेवढंच उरलं होतं, आणि नानांच्या हातचंही तेवढंच. त्यांना जगवायचं काम आता सर्जेरावाकडे आलं.

चैत्रात नानांनी केलेला शेवटचा दांडा मोडला. तुकडे हातात घेऊन सर्जेराव रडला. बापाचं अर्धं आयुष्य दांडे तासण्यात गेलं, आता त्यांच्या नावानं असा दांडा करू की तो पुन्हा मोडायचा नाही, असं त्यानं ठरवलं. आई लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. ती परत आल्यावर तिला दाखवायचं, म्हणून त्यानं तिला काही कळवलं नाही.

दगडू लोहारानं चाक पाहिलं आणि तो घुटमळला.

"सर्जेराव, नानांनी माझ्याकडनं खुरपी केली, पहारी केल्या. ह्यो दांडा तेवढा कधी करून घेतला न्हाई. का बरं? आईला फोन करून इचारा की."

"त्यास्नी तासायचा नाद हुता, दुसरं काय! तू कर. हत्तीनं वढला तरी मोडाय नगं."

दगडूनं तसाच केला. चांगला जाड, लोखंडी, वर नानांचं नाव कोरलेला. सर्जेराव येणाऱ्याजाणाऱ्याला तो फिरवायला लावायचा. अभिमानच होता त्याला, आणि खोटं कशाला बोलू, मलाही तो दांडा पाहून बरं वाटलं असतं.

आठच दिवसांनी पाइप गुंडाळताना चाक जड लागलं. पाइप खाली एका दगडाच्या सापटीत अडकला होता. सर्जेरावाला वाटलं, आत पाणी राहिलंय. त्यानं दोन्ही हातांनी दांडा धरला, पाय रोवले आणि जोर लावला. दांडा मोडला नाही. पाइप दोन जागी टरकन फाटला आणि चाकापाशी पाइप बसतो तो जोडही उखडून आला.

तालुक्याला तो जोड मिळेना. दहा दिवस थांबा म्हणाले. वरून ऊन आग ओकत होतं. सर्जेराव आणि त्याची बायको खालून घागरी वाहत होती. शेजारीही धावून आले. पण पिशवीतली कोवळी कलमं, ती किती दम धरणार? पाइप दुरुस्त झाला तेव्हा तीनशेतली चाळीस हिरवी होती.

आई आली. तिनं वाळलेल्या काड्या पाहिल्या, मग तो लोखंडी दांडा पाहिला. तिला सगळं कळलं.

"आरं लेकरा, मोडायसाठीच तर करत हुते त्यो. दांडा मोडला म्हंजी पाइप कुठंतरी आडकला. तुझं नाना म्हणायचे, दांडा आर्ध्या तासात हुतो, पाइप फाटला तर झाडं वाट बघत न्हाईत."

"मला कधी बोललं न्हाईत त्ये."

"तू हसायचास, मग ते बी हसायचे. इचारलं असतंस तर सांगितलं असतं."

दुसऱ्या दिवशी सर्जेरावानं पांगाऱ्याचा दांडा तासून बसवला. मग आईपाशी बसून तो एकेक विचारू लागला. काड्या सकाळीच का काढायच्या, रोपं पहिले आठ दिवस लिंबाखाली का ठेवायची. आईनं माहीत होतं ते सगळं सांगितलं.

शेवटी तो म्हणाला, "कलम बांधून झालं की नाना त्याच्यावर हात ठेवून डोळं मिटायचे. मनात काय म्हणायचे गं?"

आईनं एका हिरव्या कलमावरून हात फिरवला.

"ते न्हाई रं मला ठावं," ती म्हणाली. "ते त्यास्नीच इचारायचं हुतं."

तात्पर्य: वडीलधाऱ्यांनी एखादी गोष्ट कच्ची ठेवलेली दिसली, तर ती पक्की करण्याआधी कारण विचारावं, आणि विचारायचं ते माणूस समोर असतानाच विचारावं.