थेरीनं पात्र पालथं केलं

ऐका बायांनो, करुणेच्या वशाची कहाणी. नदीकाठी आटपाट वसलेलं एक नगर होतं. तिथं एक राणी होती. दर पुनवेला लेण्यात दिवे लावी, भिक्षुणींना खीर वाढी, जीवमात्रांचं भलं होवो म्हणे. सामा तिची धाकटी सून. सामाच्या मांडीवर तान्ही लेक होती. पल्याडच्या राजाशी नुकती लढाई झाली होती, तीत सामाचा भाऊ पडला होता.

एके पुनवेला पल्याडची एक बाई तान्हं मूल घेऊन नगरात आली. घर जळालेलं, अंगावरचं दूध आटलेलं. वाण्याच्या दारी गेली. त्यानं विचारलं, कुठली? पल्याडची म्हणाली, दार लागलं. सुताराच्या दारी गेली. पल्याडची म्हणाली, दार लागलं. मग राणीच्या दारी आली. आत खिरीला दूध आटत होतं. राणीनं सांगितलं, हाकला हिला, हिच्या माणसांनी आपली माणसं मारली.

सामा सज्जातून बघत होती. तिला भाऊ आठवला, मन घट्ट झालं. मग ते मूल रडलं. आवाज पार बसला होता. सामाला पान्हा फुटला, चोळी भिजली. ती खाली आली.

"तुझं कोण गेलं?"

"याचा बाप."

"माझा भाऊ," सामा म्हणाली. मग उंबऱ्यातच बसली आणि मूल पदराखाली घेतलं.

राणी संतापली. वैऱ्याच्या पोराला राजघरचं दूध कसं पाजलंस, म्हणून विचारू लागली. सामा उठली नाही.

"सासूबाई, माझ्या दुधाला अल्याड-पल्याड कळलं नाही. तुम्हांला कळतं. तरी जीवमात्रांचं भलं मागायला तुम्हीच जाता. त्या दिव्यांची तरी लाज बाळगा."

राणीनं तिला लेकीसकट बाहेर काढलं. सामा बाईला आणि दोन्ही मुलांना घेऊन लेण्यात गेली. तिथं धम्मसिरी नावाची वडील भिक्षुणी होती, तिला सारे थेरी म्हणत. थेरीनं पेज दिली, निजायला जागा दिली, झालेलं सगळं ऐकून घेतलं.

मग थेरी भिक्षेला निघाली. वाणी दाणे घेऊन आला, तिनं पात्र पालथं केलं. सुतार भाकरी घेऊन आला, तिनं पात्र पालथं केलं. राणी खीर घेऊन आली, तिनं पात्र पालथं केलं. राणीनं विचारलं, माझं काय चुकलं?

थेरी म्हणाली, "दारात मूल मरायला टेकलं होतं आणि तू माझ्यासाठी दूध आटवत होतीस. ही खीर माझ्या घशाखाली उतरायची नाही."

राणी खाली मान घालून अनवाणी लेण्यात गेली. थेरीचे पाय धरू लागली. थेरी बाजूला झाली, त्या बाईपाशी जा म्हणाली. मग राणी बाईपुढे बसली, चुकले म्हणाली. बाईनं मूल उराशी धरलं.

मग म्हणाली, "माफ केलं असं मी म्हणणार नाही. माझ्यामागून आणखी बायका येताहेत. त्यांना दार उघड."

राणी तशीच उठली, नदीच्या उतारावर गेली, एकेकीला हात देऊन वर घेतलं. वाण्यानं कोठार उघडलं. सुतारानं छपरं घातली. राणीनं सामाची ओटी भरून तिला घरी आणलं.

तर बायांनो, हा वसा असा घ्यावा. जेवायला बसण्याआधी दाराबाहेर बघावं. भुकेलं दिसेल त्याला वाढावं, गाव मागून विचारावं. नुसते दिवे लावून हा वसा पुरा होत नाही. सामाला जशी करुणा उपजली, तशी सांगणाऱ्या-ऐकणाऱ्या सगळ्यांना उपजो. साठां बोलांची ही कहाणी पाचां बोलांत सांगितली, ती फळो, पुरी होवो.