राजवाड्याची शेजारीण

"शेजारी आणा!" कोंडोपंत बिल्लेदार म्हणाले.

"शेजारी कुठनं आणू, सायेब? घरच न्हाई मला!" साळू म्हणाली.

"मग घर घ्या."

"घरमालक म्हणत्यात, आधी बिल्ला दाव."

"बरोबरच म्हणतात." कोंडोपंतांनी विडा या गालातून त्या गालात सरकवला. "आणि बिल्ला हवा तर शेजाऱ्याची साक्ष हवी. चला, पुढचा कोण?"

हिरेपट्टण राजधानीचा कायदाच तसा होता. दाराच्या चौकटीवर तांब्याचा बिल्ला असेल, तरच त्या घरात राहायचं. बिल्ला हवा, तर शेजाऱ्याने साक्ष द्यायची. बाहेरून येणाऱ्याला धर्मशाळेत तीन दिवस. चौथ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत वेशीबाहेर! नगरीतल्या शहाण्यांना या कायद्याचा भारी अभिमान. त्यांचे बिल्ले वडिलांच्या वेळचे होते ना!

साळू जात्याला टाकी लावणारी, म्हणजे झिजून गुळगुळीत झालेलं जातं छिन्नीने पुन्हा खडबडीत करून देणारी. तिच्या नवऱ्याच्या, दौलूच्या पायावर खाणीत शिळा पडली, म्हणून ती त्याला बैलगाडीतून राजधानीत घेऊन आली. हाडवैद्याने पाय बांधला आणि बजावलं, "दीड महिना नगरीतून हलवायचं नाही. हलवलंत तर पाय गेला!"

दोन दिवस ती खोली शोधत वणवण फिरली. एका घरमालकाने विचारलं, "गावाकडचे पाहुणे येणार नाहीत ना?" दुसऱ्याने विचारलं, "सुकट भाजणार नाही ना?" तिसऱ्याच्या सतरा प्रश्नांना तिने बरोबर उत्तरं दिली, तेव्हा त्याने बिल्ला मागितला. विहिरीवर गेली, तर बायका म्हणाल्या, "बिल्लेवाल्यांचं पाणी झालं की मग तुझं." बिल्लेवाल्यांचं पाणी काही संपेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती थेट दरबारात जाऊन उभी राहिली.

"म्हाराज, घर मागाया गेलं की बिल्ला मागत्यात. बिल्ला मागाया गेलं की शेजारी मागत्यात. म्या ऱ्हाऊ तरी कुठं?"

राजा दुंदुभिराज खूश झाला. कायदा त्याने स्वतः चाळीस वर्षांपूर्वी केला होता, आणि तो इतका घट्ट बसलाय हे त्याला आजच कळत होतं.

"बाई, या नगरीत बिल्ल्यावाचून एक माणूस राहत नाही! उद्या सूर्यास्तापर्यंत असा एक जरी दाखवलास, तरी तुला बिल्ला देऊ. नाही दाखवलास, तर नवऱ्याला पाठुंगळी घे आणि चालू लाग!"

दरबार खदखदून हसला. साळूने छिन्नी-हातोडी उचलली आणि ती गल्लोगल्ली हिंडू लागली. "टाकीऽऽ! जात्याला टाकीऽऽ!" हात जात्यावर, डोळे चौकटीवर. बिल्ला प्रत्येक दारावर होता. एकेका बिल्ल्यामागे मात्र अकरा-अकरा माणसं कोंबलेली! कुंभारगल्लीत एका गोठ्यात एक कुटुंब बिल्ल्यावाचून लपून राहत होतं. तिथल्या बाईने तिला अर्धी भाकरी दिली. तिचं नाव सांगितलं असतं, तर साळूचं काम तिथल्या तिथे झालं असतं. साळूने भाकरी खाल्ली आणि ती पुढे निघाली.

दुसऱ्या दिवशी तिला राजवाड्याच्या मुदपाकखान्यात बोलावणं आलं. तिथल्या जात्यांना टाकी लावून झाल्यावर ती चुकून पुढच्या दाराने बाहेर पडली. भालदाराने शिव्या घातल्या. साळूने तिकडे कान दिला नाही. सवयीने तिचे डोळे चौकटीवर गेले होते.

ती तशीच मागे वळली आणि दरबारात शिरली.

"घावला, म्हाराज! चाळीस वरसं बिल्ल्यावाचून ऱ्हातोय!"

"कोण तो हरामखोर?" राजा गरजला.

"आता कसं सांगू? तुमीच की!"

राजा ताडकन उठला.

"आमच्या चौकटीवर तोरण आहे!"

"तोरणामागं बी बघितलं. खिळ्याचं भोकसुदीक न्हाई."

"आम्ही राजे आहोत!"

"वेशीवरच्या दगडात कोरलंय, 'लहानथोर कोणासही सूट नाही.' खाली तुमचंच नाव हाय. कोंडोपंतांनी मला तीनदा वाचून दावलं."

राजा लालबुंद झाला. "कोंडोपंत! आत्ताच्या आत्ता आम्हाला बिल्ला द्या!"

कोंडोपंतांनी तीस वर्षं एकच वाक्य म्हटलं होतं. तेच तोंडातून निघून गेलं. "शेजारी आणा!"

बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली, पण उशीर झाला होता. राजाने डावीकडे पाहिलं, तिकडे हत्तीखाना. उजवीकडे तलाव. समोरची घरं त्यानेच पाडून बाग केली होती, सकाळी नुसती हिरवळ दिसावी म्हणून. राजाला शेजारीच नव्हता! आणि खिडकीबाहेर सूर्य कलला होता; तो मावळला की कायद्याने राजाही वेशीबाहेर!

"हत्तीची साक्ष चालेल?" राजाने हळूच विचारलं.

"हत्तीला बिल्ला नाही, महाराज," कोंडोपंत रडवेले झाले.

साळू पुढे झाली. "हत्तीखान्याच्या भिंतीला लागून रिकाम्या खोल्या हायती. त्यातली एक मला द्या. म्या तुमची शेजारीण! म्या साक्ष देते."

"पण तुलाच बिल्ला नाही!" कोंडोपंत ओरडले.

"माझी साक्ष म्हाराज देत्याल. ते माझे शेजारी न्हवं का?"

"त्यांनाही बिल्ला नाही!"

"म्हणून तर दोन हातोडे आणा आन् दोनी बिल्ले एकदमच ठोका! आधी कुणाचा आन् मागनं कुणाचा, हे इचारणार कोण?"

आधी राजाचं पोट हललं, मग मुकुट हलला, आणि तो इतका हसला की हत्तीखान्यातून हत्तींनी ओ दिली. सूर्य मावळायच्या आत दोन हातोडे एकदम वाजले. दौलूच्या पायासाठी राजवैद्य नेमला गेला आणि मुदपाकखान्याची सगळी जाती साळूकडे आली.

"बोला शेजारीणबाई, आणखी काय हवं?" राजाने डोळे पुसत विचारलं.

"त्या भिंतीला अजून बारा खोल्या रिकाम्या हायती, म्हाराज. एक कुंभारगल्लीतल्या गोठ्यातल्या बाईला द्या. बाकीच्या, बिल्ल्यावाचून वेशीवर जे उभे हायती त्यांस्नी."

"आणि त्यांच्यासाठी साक्ष कोण देणार?"

"तुमी आन् म्या! आन् शेजारी जास्ती असल्यालं बरं, म्हाराज. उद्या कोंडोपंतांनी पुन्यांदा बिल्ला तपासला, तर हत्तीला किती येळा इचारणार?"

राजा पुन्हा हसत सुटला आणि हसता हसताच त्याने बाराही खोल्यांच्या किल्ल्या साळूच्या ओच्यात टाकल्या.