काळ्या सरबतातली साखर

देवीच्या डोंगराखाली एक गाव होते. देवळात दिवसभर नारळ फुटत आणि देवळामागे करवंट्यांचा ढीग पडत असे. त्या गावात द्वारका नावाची एक बाई राहत होती. कष्टाळू, हाताची चलाख, आणि स्वयंपाकात कुणाला हार न जाणारी. सगळे गाव तिच्या हाताची तारीफ करी. एकच माणूस करत नसे, आणि द्वारकेला नेमकी त्याच माणसाची तारीफ हवी होती.

ते माणूस म्हणजे तिची थोरली नणंद, भागीरथी. भागीरथीवन्संना गावातच दिलेले होते, दोन आळ्या सोडून. सणासुदीला त्या माहेरी, म्हणजे द्वारकेकडे जेवायला येत. पुरणपोळी वाढा नाहीतर अळूवड्या वाढा, शेवटचा घास गिळून त्या एकच शब्द बोलत. "चालेल." मीठ कमी होते म्हणून चालेल, की सगळे जमले होते म्हणून चालेल, हेही कळायला मार्ग नसे. द्वारकेने अशी तीस वर्षे काढली.

वन्सं बोलायला कंजूष असतील, पण चोख बाई. देवीच्या उत्सवात महाप्रसादाची कोठी उघडली की तिची किल्ली पंचवीस वर्षे त्यांच्याच कनवटीला असे. साखर, गूळ, तूप सगळे त्यांच्या ताब्यात, आणि त्यातला खडा कधी इकडचा तिकडे झाला नाही. गावात म्हणत, मुंगी एक वेळ साखर खाईल, भागीरथीबाई खाणार नाहीत.

पुढे वन्संना मधुमेह जडला. डॉक्टरांनी गोड तोडले. वन्संनी कुरकुर केली नाही. एकदा नाही म्हटले की नाही. फक्त दुपारी चारला सून सगळ्यांचा चहा गाळू लागली, की त्या उठून अंगणात जाऊन बसत.

त्या वर्षी माघ संपता संपताच ऊन तापू लागले. द्वारकेच्या कानावर आले की शहरात हल्ली काळे सरबत पितात. लिंबाचेच, पण कोळशाची पूड घातलेले आणि साखरेवाचून. कोळशाने पोटात नेमके काय होते हे सांगणारीलाही ठाऊक नव्हते आणि ऐकणारीलाही. पण करवंट्या फुकट होत्या आणि हौसेला मोल नसते. द्वारकेने करवंट्या झाकणाच्या डब्यात घालून चुलीत जाळल्या. कोळसा खलात कुटला आणि मलमलीच्या फडक्यातून वस्त्रगाळ केला. माठातल्या पाण्यात लिंबू पिळले, सैंधव घातले, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि ठेचलेले आले घातले. वरून चिमूटभर ती काळी पूड. मग तिने वन्संना बोलावणे धाडले.

"खास तुमच्यासाठी केलंय, वन्सं. साखरेचा कण नाही त्यात."

वन्संनी ग्लास उजेडात धरला. "ही काय शाई आहे का गं?"

"पिऊन तर बघा."

वन्सं प्यायल्या. त्यांचा चेहरा लिंबाएवढा झाला. ग्लास खाली ठेवून म्हणाल्या, "चालेल."

द्वारकेच्या काळजाला घरे पडली. एवढे कुटले, एवढे गाळले, आणि पुन्हा तेच! दुसऱ्या दिवशी तिने वन्संना पुन्हा बोलावले आणि सरबत ढवळताना तिचा हात साखरेच्या डब्याकडे गेला. एका चमच्याने काय होतेय, असे तिने स्वतःला समजावले. साध्या सरबतात न विरघळलेले दाणे तळाशी दिसतात. काळ्यात पाहणार कोण?

वन्संनी पहिला घोट घेतला आणि त्या थांबल्या. त्यांनी डोळे मिटले. दुसरा घोट घेतला. "द्वारके," त्या म्हणाल्या, "हे मात्र झकास जमलंय. आज काय केलंस गं?"

इथे द्वारका खरे बोलली असती तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

"लिंबं आज परसातली आहेत," ती म्हणाली.

झाले. वन्सं रोज चारला येऊ लागल्या. एका चमच्याचे दोन झाले, दोनाचे चार झाले, आणि एका ग्लासाचे दोन ग्लास झाले. वन्सं वाटेत भेटेल तिला थांबवून सांगत, "माझ्या भावजयीनं साखरेवाचून गोडी आणलीय. हात आहे तिचा!" तीस वर्षांची तहान भागत होती, तरी द्वारकेला ती तारीफ धड गिळता येत नव्हती. वन्संची पाठ वळली की ती आधी ग्लास विसळी. एकदा विसळायला विसरली, तर ग्लासाभोवती मुंग्यांची ही रांग! द्वारकेने त्यांच्यावर गरम पाणी ओतले आणि पदराने घाम पुसला.

मग वन्संच्या डाव्या पायाच्या करंगळीला चप्पल लागली. एवढीशी जखम, पण भरेना. पंधरा दिवस गेले, महिना झाला. डॉक्टरांनी रक्त तपासले आणि कपाळाला आठ्या घातल्या. "साखर फार चढलीय. कुठून तरी पोटात गोड जातंय. हे थांबलं नाही तर बोट काढावं लागेल."

वन्संनी भात सोडला. आंब्याचे दिवस, पण घरातल्या आढीकडे त्यांनी मान वळवून पाहिले नाही. भाकरी अर्धीवर आणली. पुन्हा तपासले तर साखर होती तेवढीच. तेव्हा घरच्यांची नजर वन्संवरच फिरली.

द्वारका पायाची चौकशी करायला गेली, तेव्हा वन्सं खाटेवर बसल्या होत्या. त्यांचा मुलगा मोरेश्वर त्यांची पेटी उपसत होता. सून शैला उशीखाली हात घालून पाहत होती. फळीवरच्या साखरेच्या डब्याला कुलूप लावलेले होते.

"बरं झालं आलात, मामी," शैला म्हणाली. "आईंना तुम्हीच समजवा. या वयात चोरून खाणं बरं दिसतं का?"

वन्सं ताठ बसल्या होत्या. डोळे मात्र लाल झाले होते. "द्वारके, तूच सांग यांना. तुझ्याकडे मी रोज येते. कधी चिमूटभर साखर तरी मागितली का?"

सगळे द्वारकेकडे पाहू लागले.

"नाही," ती म्हणाली. "वन्संनी कधीच मागितली नाही."

शब्द न् शब्द खरा होता. आणि तरी तो खोटाच होता, हे एकट्या द्वारकेला ठाऊक होते.

"ऐकलंत?" वन्सं मुलाला म्हणाल्या. "निदान हिच्यावर तरी विश्वास ठेवा. हिच्या हातचं मी डोळे मिटून पिते."

द्वारका घरी आली ती जमिनीकडे पाहतच. तिला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली. सांगावे तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही. मग तिने एक युक्ती काढली. आजपासून साखर बंद. वन्संना आराम पडेल, बोट वाचेल, कुणाला काही कळायचे कारण नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्या दिवशी वन्संनी आंबट घोट घेतला आणि भावजयीकडे पाहिले. "आज हात चुकला वाटतं. असू दे. माझ्या पायाच्या काळजीनं तुझं मन थाऱ्यावर नसेल." आणि त्यांनी ग्लास संपवला. द्वारकेला वाटले, यापेक्षा त्यांनी थोबाडीत मारली असती तर बरे.

बोट मात्र वाचले नाही. फार उशीर झाला होता. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी करंगळी काढली. आणि त्यानंतरच्या तपासणीत साखर पुष्कळ खाली आलेली दिसली.

"बघा मामी," शैला दारातच म्हणाली, "डब्याला कुलूप घातलं आणि साखर उतरली! आता तरी खात्री पटली ना, कोण खात होतं ते?"

द्वारकेला आपल्या युक्तीचे फळ तेव्हा कळले. तिने चूक गुपचूप सुधारली होती, आणि त्याच सुधारण्याने वन्संवरचा आळ पक्का झाला होता. बोलणे शैलाच्या दारातून विहिरीवर गेले, विहिरीवरून देवळात. साखर न खाणाऱ्या भागीरथीबाई आता पोरांच्या चेष्टेचा विषय झाल्या. कुणी तोंडावर बोलत नसे. वन्सं आल्या की बाया विषय बदलत, एवढेच. वन्संनी घराबाहेर पडणेच कमी केले. चारला द्वारकेकडे येणेही थांबले. द्वारका रोज ठरवी की आज जाऊन सांगू, आणि रोज काहीतरी काम काढून बसे. पाप्याचे पाय जड असतात.

वैशाखात उत्सव आला. कोठीची किल्ली द्यायला गावच्या बाया सभामंडपात जमल्या. देवीसमोर तबकात किल्ली ठेवलेली होती. वन्सं काठी टेकत आल्या आणि नेहमीच्या खांबापाशी बसल्या. पाटलीणबाईंनी घसा खाकरला.

"यंदा भागीरथीबाईंची तब्येत नाजूक. त्यांना त्रास नको. किल्ली दुसऱ्या कुणाला तरी देऊ."

कुणी मान वर केली नाही. तब्येतीचे नुसते निमित्त होते, हे सगळ्यांना कळत होते. वन्संनाही कळले. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज थरथरला.

"मग द्वारकेला द्या," त्या म्हणाल्या. "माझ्या माहेरची आहे. तिच्या हाती कोठी असली की मला घोर नाही."

पाटलीणबाईंनी तबक द्वारकेपुढे धरले. द्वारकेने किल्लीकडे पाहिले, वन्संच्या बांधलेल्या पायाकडे पाहिले, आणि तिचे दोन्ही हात मागे गेले.

"मला देऊ नका," ती म्हणाली. मग तिने सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले. "वन्संनी साखर चोरली नाही. मी त्यांच्या सरबतात चोरून घालत होते. रोज. बिनसाखरेचं म्हणून त्यांना पाजत होते. त्यांच्या तोंडून एकदा चांगलं ऐकायचं होतं मला."

शैलाने पदर तोंडाला लावला. द्वारकेने खाली वाकून वन्संच्या पायांवर डोके ठेवले. डोळ्यांसमोर चार बोटांचा पाय आला, आणि तिला डोके वर उचलवेना.

वन्सं बोलल्या. "म्हणजे तीस वर्षांत तुला एकदा चांगलं म्हटलं, ते साखरेला म्हटलं होय?"

द्वारका हुंदके देत राहिली.

"बोट गेलं त्याचं एक वेळ सोसलं असतं," वन्सं म्हणाल्या. "पण माझी उशी उचलून बघितली गं त्यांनी. तू तिथं उभी होतीस."

वन्संनी पाय मागे घेतला, काठी टेकून उठल्या आणि तबकातली किल्ली स्वतः उचलून कनवटीला लावली. पाटलीणबाई "हो, हो, तुमचीच आहे" असे काहीतरी पुटपुटल्या. शैला पुढे होऊन सासूला हात देऊ लागली, तर वन्संनी तिचाही हात घेतला नाही. त्या एकट्याच लंगडत कोठीकडे गेल्या.

उत्सव पार पडला. गावातल्या बाया द्वारकेला पाहून विषय बदलू लागल्या. तिने ते मान खाली घालून सोसले. तो विषय वन्संच्या दारातून उठून आपल्या दारात आला, एवढेच तिला त्यातल्या त्यात बरे वाटे. रोज चारला ती उंबऱ्यात येऊन उभी राही आणि परत आत जाई.

उत्सवानंतर नवव्या दिवशी काठीचा आवाज आला. वन्सं ओट्यावर येऊन बसल्या.

"सरबत कर," त्या म्हणाल्या. "इथं, माझ्यासमोर."

द्वारकेने सगळे बाहेर आणून मांडले. तिने लिंबू पिळले. सैंधव, जिरे, आले, आणि चिमूटभर काळी पूड. वन्सं प्रत्येक वस्तू तिच्या हातातून भांड्यात पडेपर्यंत पाहत होत्या, आणि द्वारकेला त्या पाहण्याचा राग येण्याचा हक्क उरलेला नव्हता. तिने ग्लास पुढे केला. वन्सं प्यायल्या. चेहरा लिंबाएवढा झाला. थांबत थांबत त्यांनी पूर्ण ग्लास संपवला आणि खाली ठेवला.

"चालेल," त्या म्हणाल्या.

द्वारकेने पदर डोळ्यांना लावला. या शब्दाच्या पलीकडचे तिला आता काही नको होते. वन्सं गेल्या. ग्लास न विसळता संध्याकाळपर्यंत ओट्यावर तसाच राहिला, आणि त्याच्याकडे एकही मुंगी फिरकली नाही.

तात्पर्य: आपली चूक गुपचूप सुधारली म्हणजे ती फिटली असे होत नाही. तिचा आळ ज्याच्या माथी गेला, त्याच्या माथ्यावरून तो चारचौघांत आपल्याच हाताने उतरवावा लागतो.