चिमीची शेपटी

ऐकताय ना? मग डोळे मोठ्ठे करून ऐका हं!

रेवाकडे एक पाल होती. पाळलेली बरं का! इवलीशी. अंगभर ठिपके. नाव तिचं चिमी. काचेच्या घरात राहायची.

एकदा काय झालं? दार लागलं. शेपटी अडकली. टुप्! तुटूनच गेली!

चिमी रडायला लागली. "अगं बाई, माझी शेपटी!"

भिंतीवरची पालमावशी चुकचुकली. "चुक् चुक् चुक्! रडतेस काय वेडाबाई? पोटभर अळ्या खा. शेपटी पुन्हा उगवेल."

"पुन्हा? आपोआप?"

"आपोआप!"

अबब! असं असतं होय?

चिमी निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

खोक्यात चिमीच्या खाऊसाठी ठेवलेल्या अळ्या होत्या. पिवळ्या पिवळ्या. पण सगळ्या गप्प पडून! आता चिमीचं कसं आहे, हलेल तेच ती खाते. हललं नाही, तर तोंडसुद्धा लावत नाही.

"अळीबाई, अळीबाई, वळवळ करा.
खाऊ मिळेना,
शेपटी माझी उगवेना!"

अळी म्हणाली, "मी नाही करत जा! रेवानं आमचं खोकं साफ केलं. कोंडा कचरा समजून टाकून दिला! कोंडाच आमचं जेवण. कोंडाच आमची गादी. आधी कोंडा आण."

चिमी चाळणीकडे गेली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

"चाळणबाई, चाळणबाई, कोंडा द्या.
अळी वळवळेना,
खाऊ मिळेना,
शेपटी माझी उगवेना!"

चाळण म्हणाली, "मी नाही देत जा! पीठ चाळलं की कोंडा निघतो. आधी पीठ आण."

चिमी गिरणीत गेली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

गिरणीवाले बारकूकाका पांढरेफटक! भुवया पांढऱ्या. कान पांढरे. चिमी बघतच राहिली.

"बारकूकाका, बारकूकाका, पीठ द्या.
चाळण कोंडा देईना,
अळी वळवळेना,
खाऊ मिळेना,
शेपटी माझी उगवेना!"

काका म्हणाले, "मी नाही देत जा! आधी गव्हाचा डबा नंबराला लागतो. मगच गिरणी फिरते. राजा आला तरी हेच! आधी डबा आण."

चिमी डब्याकडे गेली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

"डबेराव, डबेराव, गिरणीत चला.
काका पीठ देईनात,
चाळण कोंडा देईना,
अळी वळवळेना,
खाऊ मिळेना,
शेपटी माझी उगवेना!"

डबा म्हणाला, "मी नाही येत जा! मला काय पाय आहेत? आधी रेवाला आण."

चिमी रेवाकडे गेली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

"रेवाताई, रेवाताई, डबा उचला.
डबा जागचा हलेना,
काका पीठ देईनात,
चाळण कोंडा देईना,
अळी वळवळेना,
खाऊ मिळेना,
शेपटी माझी उगवेना!"

रेवा म्हणाली, "मी नाही उचलत जा! मी रुसलेय. आधी जादू दाखव."

जादू? चिमीकडे कुठली जादू? टोपी नाही, काठी नाही. शेपटीसुद्धा नाही!

चिमीच्या डोळ्यात काहीतरी खुपलं. गिरणीतलं पीठ! चिमीनं जीभ बाहेर काढली. लांब केली. आणि स्वतःचाच डोळा चाटला. लप्! मग दुसरा डोळा. लप्!

"अय्या!" रेवा उडालीच. "स्वतःचा डोळा चाटला! स्वतःच्या जिभेनं!"

रेवानंही जीभ काढून पाहिली. नाकालासुद्धा पोचेना! तुमची पोचते का? बघा बरं!

रुसवा पळाला कुठल्या कुठे.

रेवानं डबा उचलला.
डबा नंबराला लागला.
काकांनी पीठ दळलं. घर्र घर्र घर्र!
चाळणीनं कोंडा दिला. सर्र सर्र सर्र!
रेवानं कोंडा खोक्यात पसरला. वर गाजराची चकती ठेवली.
अळ्यांनी कोंडा खाल्ला. वळवळ वळवळ!

चिमीनं पाहिलं. दबा धरला. आणि... गट्टम!

काय करणार, पालीचा खाऊच तो!

रोज वळवळ. रोज गट्टम. एक दिवस गेला. काही नाही. दोन दिवस गेले. काही नाही. चिमीचा जीव खालीवर! पालमावशी खोटं तर नाही ना बोलली?

मग एका सकाळी दिसलं. कणीएवढं टोक. मग शेंगदाण्याएवढं. मग?

अबब! शेपटी! जाडजूड, गुळगुळीत, नवी कोरी! कुणी शिवली नाही. कुणी चिकटवली नाही. आतूनच आली की हो!

रेवानं हळूच बोट लावलं. गार होती. मऊ होती.

"चिमे, खरी आहे गं?"

चिमीनं शेपटी हलवली. इकडे. तिकडे. खरीच होती!