राणीच्या बेलवांग्याचं बी

एका राज्यात मुहूर्त पाहिल्याशिवाय कोणी शिंकतही नसे. राजा शूरध्वज तिथे राज्य करी. राजज्योतिषी मुहूर्त काढीत, दुसरे ज्योतिषी त्यांत दोष काढीत, आणि त्या अवधीत जे व्हायचं ते आपोआप होऊन जाई. म्हणून राज्य सुरळीत चाले.

राजाला दोन अपत्ये होती. थोरली तारावली आणि धाकटा वीरध्वज. पैकी वीरध्वज पोपट होता.

तो जन्माने पोपट नव्हता. राज्याच्या उत्तरेला डोंगरात कर्दमनाथ नावाचा मांत्रिक राहत असे. मंत्र हा त्याचा व्यवसाय आणि बाग हा त्याचा जीव. त्याच्या बागेत बेलवांगी पिकत, ज्यांना इतर राज्यांत टोमॅटो म्हणतात. तळहातात मावणार नाही असं फळ, आणि चवीला असं की खाणारा थोडा वेळ गप्प राही. एका वर्षी त्याने करंडीभर फळं राणीला धाडली. पुढच्या वर्षी पाऊस रुसला, सगळी रोपं करपली, एका झाडावर एकच फळ उरलं. ते बियाण्याला राखलं आहे हे कळावं म्हणून कर्दमनाथाने देठाला तांबडा दोरा बांधला. शिकारीला गेलेला वीरध्वज तिथे आला आणि दोऱ्यासकट खाऊन मोकळा झाला.

कर्दमनाथाने शाप दिला. "ज्याने बी खाल्लं तो पक्षी होवो. त्याच वाणाचं फळ खाईल तेव्हा माणूस होईल. माणसाची भाषा मात्र हळूहळू विसरत जाईल. शेवटचा शब्द गेला की पक्षीच राहील."

आणि तो वाण तर राजपुत्राच्या पोटात संपला होता.

राणीने मात्र करंडीतल्या फळांचं बी काढून ठेवलं होतं. तिने त्याचे तीन भाग केले, येत्या हंगामात लावायचं म्हणून बेत केला, आणि हंगामाच्या आधीच तापाने गेली. एक भाग सोन्याच्या डबीत राजवाड्यात होता. राजा म्हणाला, राणीच्या हातची ही शेवटची वस्तू, हिला मातीत घालायचं तर मुहूर्त निर्दोष हवा. ज्योतिषी बसले. सात वर्षं बसले.

तोवर डबी खजिन्यात गेली. तिथे तिची स्थापना झाली. शेजारी अखंड नंदादीप. दर दसऱ्याला झाकण उघडून बियांवर दुधाचा अभिषेक, मग हळदकुंकू.

इकडे वीरध्वज शब्द विसरत होता. आधी पदार्थांची नावं गेली. मग लोकांची. एके दिवशी त्याने पित्याला "अहो" म्हटलं, आणि राजाने तोंड फिरवलं. तारावलीच्या मनात मात्र एक प्रश्न घर करून बसला. बी एवढंसं, सुकलेलं, खडबडीत. त्यात जीव राहतो तो कुठे, आणि राहतो किती वर्षं?

तिने कोषाध्यक्षांना विचारलं. ते म्हणाले, "सोनं अक्षय आहे, राजकन्ये. सोन्यातलं सारं अक्षय."

तारावलीने मुहूर्ताची वाट सोडली. डबी उचलून ती बागेत गेली, माती भुसभुशीत केली आणि बी पेरलं. हे पाहून ज्योतिषी आजारी पडले. तिने रोज पाणी घातलं. महिना उलटला. मातीतून काहीही आलं नाही. तिने उकरून पाहिलं, तर बिया काळ्या पडून पोकळ झालेल्या. दिव्याच्या धगीने भाजल्या होत्या आणि दुधाने कुजल्या होत्या.

"भूक," वीरध्वज खांद्यावरून म्हणाला. त्याच्याकडे आता मोजकेच शब्द होते आणि ते तो काटकसरीने वापरी.

दुसरा भाग चांदीच्या डबीत राणीच्या माहेरी होता. माहेर म्हणजे एका सरोवराकाठचं राज्य, आणि तिथला खजिना सरोवराच्या तळाशी नागराजाच्या पहाऱ्यात. तारावली पाण्यात उतरली. नागराज म्हातारा होता, अगत्यशील होता आणि त्याला बोलायला कोणी मिळत नसे. तिने तोच प्रश्न विचारला.

"आमच्याकडे सगळं हजार वर्षं टिकतं," नागराज म्हणाला, आणि अभिमानाने डबी उघडली.

आत पांढऱ्या बुरशीचा गोळा होता. तळ्याच्या ओलीने बिया डबीतच रुजल्या होत्या, बाहेर येण्याची वाट पाहिली होती आणि मेल्या होत्या. नागराज फार ओशाळला. त्याने मोती देऊ केले. तिने नको म्हटलं. मग त्याला काहीतरी द्यायचंच होतं, म्हणून त्याने एक बातमी दिली. तिसरा भाग राणीने मातीच्या गाडग्यात घालून, क्षमा मागत, कर्दमनाथालाच धाडला होता.

डोंगराच्या वाटेवर वीरध्वजाचा "भूक" हा शब्दही गेला. आता एकच उरला.

"ताई," तो म्हणे. उजाडलं की ताई, पाणी दिसलं की ताई, घार दिसली की ताई.

कर्दमनाथाची बाग हिरवीगार होती. दोडकी होती, पडवळं होती, भोपळे होते. एक वाफा तेवढा रिकामा, आणि त्यातलं तण रोज काढलेलं. मांत्रिक वाफ्याच्या काठावर बसला होता. त्याने आधी पोपटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"शाप मला काढता येत नाही. फळ लागतं, आणि फळ यानेच खाल्लं."

"माझ्या आईने तुम्हाला गाडगं धाडलं होतं."

"धाडलं होतं. क्षमेचं असणार म्हणून उघडलं नाही."

गाडगं त्याच्या गुहेत, मागच्या कोनाड्यात होतं. तिथे ऊन येत नसे, पाणी झिरपत नसे, आणि राग आल्याशिवाय मांत्रिक तिकडे फिरकत नसे. तारावलीने कोळिष्टकं झटकली, तोंडाचं फडकं सोडलं. आत कोरडी राख. राखेत हात घातला तर बोटांना बारीक, लवदार बिया लागल्या.

कर्दमनाथ बराच वेळ त्या बियांकडे पाहत राहिला. सात वर्षं तो ज्या वाणासाठी झुरला, तो त्याच्या पाठीमागे कोनाड्यात बसला होता. पण हे त्याला कोणी बोलून दाखवलं नाही, कारण पोपटाला ते शब्द येत नव्हते आणि तारावलीला आधी उत्तर हवं होतं.

"बी किती वर्षं जगतं?"

"चार वर्षं निर्धास्त असावं," तो म्हणाला. "पुढे दर वर्षी काही बिया जातात. धग नि ओल लागली तर लवकर जातात. कोरड्यात, गारव्यात राहिलं तर दहाव्या वर्षीही एखादी डोळा उघडते. पाहून कळत नाही. रुजवून कळतं."

त्याने बिया ओल्या फडक्यात गुंडाळून चुलीपासून हातभर लांब, उबेला ठेवल्या. आठवडा गेला. फडकं उलगडलं तर बिया जशाच्या तशा. तारावलीने पुन्हा गुंडाळलं. आणखी काही दिवसांनी त्या सगळ्यांतून एकीला पांढरा कोंब दिसला.

"मंत्राने हे लवकर वाढत नाही का?" तिने विचारलं.

"मंत्राने माणसाचा पक्षी होतो. बेलवांग्याला त्याचा वेळ लागतो."

तो लागला. रोप आलं, काठीला बांधलं, पिवळं फूल आलं, एक फळ धरलं. कर्दमनाथाने जुन्या सवयीने देठाला तांबडा दोरा बांधला. तारावलीचा जीव धसकला. वीरध्वज दिवसेंदिवस कमी बोलू लागला होता. एका सकाळी फळ लाल झालं, आणि त्या सकाळी त्याने ताई म्हटलं नाही. ती समोर उभी राहिली तरी त्याने मान वाकडी करून, एखाद्या अनोळखी झाडाकडे पाहावं तसं पाहिलं. चोच उघडली. पहिलं अक्षर आलं आणि दुसरं येईना.

"हे बियाण्याचं आहे," तारावली म्हणाली. "मला ठाऊक आहे. पण—"

कर्दमनाथाने दोरा सोडला. फळ चिरलं, आतला बुळबुळीत गर बियांसकट वाटीत काढला आणि उरलेल्या लाल फोडी पोपटापुढे धरल्या. "बी माझं. बाकी त्याचं."

"हे सात वर्षांपूर्वी सुचलं असतं तर?"

"सात वर्षांपूर्वी वाटी आणायला त्याने वेळ दिला नाही."

पोपटाने एक फोड खाल्ली. थोडा वेळ तो गप्प राहिला. मग पिसं गळाली, आणि वाफ्यात गुडघाभर चिखलात एक उंच तरुण उभा होता. त्याने आपल्या हातांकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं.

"ताई," तो म्हणाला, "थोडं मीठ मिळेल का?"

ती हसली, आणि मग बसून रडली.

वाटीतलं बी तीन दिवस आंबवून, धुऊन, सावलीत सुकवून राखेत घातलं गेलं. अर्धं डोंगरात राहिलं, अर्धं राजवाड्यात आलं. राजाने नवी आज्ञा काढली की हा खजिना तीन वर्षांवर साठवू नये. पेरावा, खावा आणि ताजं बी धरावं, मुहूर्त असो वा नसो. सोन्याच्या डबीत सुपारी ठेवू लागले. ज्योतिषी बरे झाले. आणि गुहेतल्या कोनाड्यात काय काय ठेवलं आहे ते कर्दमनाथ दर दिवाळीला उघडून पाहू लागला.