साळिंदराचा खड्डा

“पाच रताळी देऊ आणि पानावर पंजा उमटवून घेऊ. मग म्हातारीचा पाय जन्मभर वाकडा राहिला तरी तिला काही मागता येणार नाही,” साळिंदर बायकोला म्हणाला. जनावरं आपसांत न्याय करत, त्या काळातली ही गोष्ट. झुडपाआड गवत खुडणाऱ्या शेवंतीनं, सशांच्या नव्या सुनेनं, ते ऐकलं. साळिंदरानं वाटेत उघड्या टाकलेल्या खड्ड्यातच तिच्या सासूबाईंचा पाय मोडला होता.

दुपारी स्वारी रताळी आणि पान घेऊन हजर! “वहिनी, उमटवा पंजा. तुमचंही लक्ष नव्हतंच की!”

“नव्हतंच. बोरांकडे बघत होते,” सासूबाई म्हणाल्या. “पण खड्डा तुमचा. तुम्ही बुजवायच्या आधी शेजाऱ्यांना दाखवून ठेवलाय.”

शेवंती बघतच राहिली. एवढ्या कळा सोसतानाही ही बाई तिळभर खोटं बोलत नव्हती! पण पाय आठवड्यात बरा होईल अशा भाबड्या आशेनं सासूबाईंनी पंजा पुढे केला. लग्नापासून जेमतेम चार शब्द बोललेली शेवंती पानावरच बसली.

“काका, बोरांपायी एक रताळं कमी करा. बाकीची चार मात्र आई स्वतः चरायला जाईपर्यंत रोज आणा. पंजा उमटवायला त्या तुमच्या दारी चालत येतील.”